कॅमेऱ्यासमोरची बाजू

पोर्ट सेलवेल, अलाबामा
शनिवार, १४ डिसेंबर

प्रिय थॅड,

परवाच आपलं फोनवर बोलणं झालं, मग हे पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. पाकीट हातात पडल्याबरोबर तू आईला फोन लावशील आणि डॅडींची तब्येत बरी आहे ना, म्हणून विचारशील. बरी आहे. रक्तदाब जरा वर आहे, पण डिसेंबरात तो दरवर्षीच वर असतो. सामन्याच्या दिवशी स्टेडियमच्या दारात माणसं आली की तो आपोआप खाली येईल, आणि नाही आली तर कुठल्याही गोळीने येणार नाही. तुझी आई म्हणते, "मिस्टर पेटवे, सगळा जन्म मेलेल्या माणसांच्या शेजारी काम करून घरी येऊन ढाराढूर झोपत होतास. आणि आता एका खेळापायी नुसता कूस बदलतोयस!" ती मला मिस्टर पेटवे म्हणायला लागली की समजावं, पाणी डोक्यावरून चाललंय.

इकडची खबरबात म्हणशील तर यंदा संत्री उदंड आलीत. मागच्या अंगणातली दोन्ही सत्सुमाची झाडं इतकी वाकलीत की तुझ्या आईने फांद्यांना काठ्यांचे टेकू दिलेत. चर्चच्या छपराचं काम अजून रखडलेलंच आहे. धंदा बरा चाललाय, म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. अंत्यविधी करणाऱ्या माणसाने धंदा बरा चाललाय असं मोठ्याने म्हणू नये, असं तुझे आजोबा सांगायचे. बाकी सगळ्या गावात एकच विषय आहे, आपला नाताळातला फुटबॉलचा सामना, सत्सुमा बाउल. आणि माझा जीव टांगणीला लागलाय तोही त्यापायीच.

सप्टेंबरात टीव्ही कंपनीची ती ब्रिन नावाची मुलगी उत्तरेकडून आली होती, हे मी तुला सांगितलं होतं. काय झालं ते सगळं सांगितलं नव्हतं. आमच्या बाउल समितीचा त्यांच्याशी करार यंदा संपतो. तिने भिंतीवर एक आलेख दाखवला, आमचा सामना किती घरांत बघितला गेला त्याचा. रेघ अशी उतरत गेली होती की पुढे बघवेना. गेल्या वर्षी आमच्यापेक्षा जास्त माणसांनी शेजारच्या वाहिनीवर कुत्र्यांच्या स्पर्धेचा जुना कार्यक्रम बघितला म्हणे. बक हॉलोमन, बोटी विकणारा, माझ्या आधीचा अध्यक्ष, तो लगेच म्हणाला, "पोरी, जिंकलं कुठलं कुत्रं, ते तरी सांग!" आम्ही हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "मिस्टर पेटवे, या वर्षीही आकडा असाच राहिला तर..." आणि तिने वाक्य तिथेच सोडलं. आमच्या धंद्यात लोक वाक्यं अर्धवटच सोडतात. मला ती पुरती कळतात. टीव्ही गेला की प्रायोजक जातो, प्रायोजक गेला की दुसऱ्या वर्षी बाउल बंद.

गेल्या वर्षीचा सामना तू बघितला नव्हतास, तू तेव्हा तुमच्या टीमबरोबर दुसऱ्या गावी खेळत होतास. टीव्हीवाल्यांनी आम्हाला शुक्रवारी सकाळी अकराची वेळ दिली होती. शुक्रवारी अकराला माणूस कामावर असतो, नाहीतर दवाखान्यात असतो. पाहुणी टीम आली ती निम्मीच. चांगली पोरं दुसऱ्या कॉलेजात नाव घालून मोकळी झाली होती, जी एप्रिलमध्ये मोठ्या लीगमध्ये निवडली जाणार होती ती घरी बसली, आणि त्यांचा प्रशिक्षक तर आठ दिवस आधीच दुसरी नोकरी धरून निघून गेला होता. बदली आलेला गृहस्थ पोरांच्या हेल्मेटवर चिकटवलेल्या पट्ट्या वाचून हाका मारत होता. नवरदेवावाचून वरात, दुसरं काय! लाउडस्पीकरवर आम्ही प्रेक्षकांचा आकडा सांगितला तो वाटलेल्या तिकिटांचा. बसलेल्या माणसांचा सांगितला असता तर बँडमधल्या पोरांनी मागे वळून बघितलं असतं.

मग मी जे दरवर्षी करतो तेच केलं. आपल्या स्टेडियमात कॅमेरे सगळे पश्चिमेच्या छपरावर, त्यांना दिसते ती फक्त समोरची पूर्वेची बाजू. तेव्हा पश्चिमेला बसलेल्या माणसांना उठवून पूर्वेला न्यायचं, मधल्या रांगांत दाटीवाटीने बसवायचं, आणि घरी बसलेल्यांना वाटावं की जत्रा भरलीये. हे मला कुणी शिकवायला नको. कुणाच्या मयताला माणसं थोडी येणार असं दिसलं, की मी आधीच हॉलमधल्या निम्म्या खुर्च्या काढून टाकतो आणि उरलेल्या जरा ऐसपैस मांडतो. मग दहा माणसांतही घरच्यांना वाटतं, आपलं माणूस एकटं गेलं नाही. त्यात मला कधी पाप वाटलं नाही. पण गेल्या वर्षी मी आपल्या चर्चच्या सिस्टर अर्लीनला उठवायला गेलो. तिने पर्स मांडीवर घट्ट धरली आणि म्हणाली, "ब्रदर पेटवे, मी याच खुर्चीत बसते, सगळ्या गावाला ठाऊक आहे. देवाला मी इथे दिसते, त्याला कॅमेरा लागत नाही." मी समितीचा नारिंगी कोट घालून तिच्यापुढे उभा होतो, तसाच पुढच्या रांगेकडे वळलो.

न्हाव्याच्या दुकानात तर माझी पार सालटी काढतात. ऑटिस वस्तरा माझ्या गळ्याशी धरून सगळ्यांदेखत म्हणाला, "क्लिओ, मदर ब्यूलाच्या मयताला तू लोकांना बाहेर लॉनवर उभं केलंस, इतकी गर्दी! तुझा तो बाउल पण तसाच कर ना. मधे एक शवपेटी ठेव, बघ कशी माणसं येतात." सगळं दुकान हसलं, मीही हसलो. वस्तरा गळ्याशी असताना माणूस हसणारच.

पण मला ते लागलं, थॅड. तुझ्या आजोबांनी या बाउलचे पहिले सामने बघितले ते गोलच्या खांबांमागच्या कोपऱ्यातल्या लाकडी फळ्यांवर बसून. आपल्या काळ्या लोकांना तिकीट तिथलंच मिळायचं. ते म्हणायचे, निम्मा सामना मी बघितला आणि निम्मा ऐकला. मैदानावर आपलं पोरगं उतरायचं नाही, आणि नारिंगी कोट अंगावर घालायचा तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मला तो कोट मिळाला तेव्हा आजोबा होते. त्यांनी बाहीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "कापड बरं आहे. बघू, माणसं कशी आहेत." आज तीस वर्षांनी मी अध्यक्ष झालो, आपल्यातला पहिला. आणि माझ्याच वर्षी याचा शेवट व्हायचा? घराच्या चाव्या आमच्या हाती आल्या त्या छप्पर गळायला लागल्यावर. लोक म्हणतील, पेटवेच्या हाती दिलं आणि त्याने ते पुरलं, त्याचा धंदाच तो. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते मी रोज अनुभवतोय.

माणसं का येत नाहीत, ते मला कळतं. आता बारा टीमांची मोठी स्पर्धा निघालीये, खरा विजेता तिथे ठरतो. आमच्यासारखे बाकीचे सामने म्हणजे लग्न लागून गेल्यावरची पंगत. पूर्वी त्या पंगतीलाही मान होता. दोन लांबच्या कॉलेजांची पोरं नाताळात पाहुणी म्हणून यायची, गाव त्यांना मिरवायचं, त्यांच्यामागे हजार माणसं गाड्या काढून यायची. आता त्या माणसांना घरी भिंतीएवढा पडदा आहे. आणि ज्या पोराला बघायला यायचं तेच पोरगं खेळणार नसेल तर कोण कशाला येईल? बक या पोरांवर फार चिडतो. परवाच्या बैठकीत टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "आमच्या वेळी मोडक्या पायाने खेळायचो आम्ही! सुई टोचून घ्यायची आणि मैदानात!" मी म्हणालो, "म्हणूनच बक, आपली बैठक तळमजल्यावर घ्यावी लागते." तो हसला, पण खुर्चीतून उठताना त्याने टेबलाचा आधार घेतला, आणि ते सगळ्यांनी बघितलं.

आता तुझ्याकडे येतो. तुमचा शेवटचा सामना शनिवारी झाला आणि तू रविवारी घरी आलास. आईने थँक्सगिव्हिंगचा टर्की तुझ्यासाठी तीन दिवस थांबवला होता. मक्याच्या पावाचं सारण होतं, कोलार्डची भाजी होती, आणि तू तिसऱ्यांदा वाढून घेतलंस. तुझ्या एजंटाचे मला दोनदा फोन येऊन गेले होते: "मिस्टर पेटवे, त्याला समजवा, बाउल कुठलाही असो, त्याने आता खेळू नये. एप्रिलपर्यंत पाय सांभाळायचे." मी त्याला नीट उत्तरही दिलं नव्हतं. परका माणूस, माझ्या मुलाचे पाय मला सांगतो! जेवताना मी त्यातलं काही बोललो नाही. बाउलचं नावही काढलं नाही, आईची तशी सक्त ताकीद होती. आणि तूच काटा खाली ठेवलास आणि म्हणालास, "डॅडी, तुम्ही आमच्या टीमला बोलावलंत तर मी खेळणार. बाकीचे खेळोत नाहीतर न खेळोत. तुमच्या वर्षी मी घरी बसणार नाही. माझा शब्द आहे." मी पाणी प्यायलो, कारण दुसरं काय करावं ते कळेना. त्या दिवशी तुला सांगायचं राहिलं. मला इतका आनंद माझा कोट मिळाला तेव्हाही झाला नव्हता.

पुढच्या रविवारी तुमच्या कॉलेजचं नाव जाहीर झालं आणि गाव अंगात आल्यासारखं उठलं. हायवेवर फलक लागला, त्यावर तू, बॉल छातीशी धरून पळताना, तीन माणसांएवढा उंच. मधल्या शाळेच्या पोरांनी तुझ्या नंबरचे कागदी शर्ट केले. सिस्टर अर्लीनने चर्चच्या दोन्ही बस भरल्या आणि तिसरी मागायला लागली. ब्रिनचा फोन आला, आवाजच वेगळा: "मिस्टर पेटवे, आम्ही तुम्हाला शुक्रवार सकाळवरून शनिवार संध्याकाळवर नेतोय. गावचा मुलगा, वडील अध्यक्ष, अशी गोष्ट लोक बघतात." पश्चिमेची तिकिटं विकली गेली, थॅड. पश्चिमेची! जी बाजू कॅमेऱ्यात दिसतही नाही. ऑटिसने माझी दाढी फुकट केली आणि म्हणाला, "मला दोन चांगल्या जागा बघ. आणि शवपेटीचं ते मी गमतीत म्हणालो होतो."

बुधवारी आम्ही तुमच्या कॉलेजात आमंत्रण घेऊन आलो. दरवर्षीचाच रिवाज आहे, सगळी समिती नारिंगी कोट घालून बसने जाते, टीमच्या एका मुलाला व्यासपीठावर बोलावतात आणि अध्यक्ष त्याच्या हाती सत्सुमाची टोपली देतो, फोटो होतो. तुझ्या प्रशिक्षकाने तुलाच बोलावलं, दुसऱ्या कुणाला बोलावणार? सगळे टाळ्या वाजवत होते. बक शिट्ट्या मारत होता. तू पहिल्या रांगेतून उठलास आणि पायऱ्या चढून आलास.

थॅड, मी काय काम करतो ते तू जन्मापासून बघतोयस. शवपेटी उचलायला घरचे सहा खांदेकरी पुढे येतात; दुःखात असतात, कुणी आपलं दुखणं सांगत नाही. चर्चच्या पायऱ्यांवर एकाचा पाय लटपटला तर पेटी जाते. म्हणून ते दारातून आत येतात तेव्हाच मी बघून घेतो, कुणाची पाठ धरलीये, कुणाचा गुडघा गेलाय. ज्याचा गेला असेल त्याला मी मधे घालतो, तिथे भार कमी येतो, आणि त्याला कळूही देत नाही. पायऱ्या चढणाऱ्या माणसाचा चेहरा मी बघतच नाही. मला सवयच नाही.

तू उजवा पाय वर टाकलास आणि डावा त्याच्याशेजारी आणून ठेवलास. पुन्हा उजवा, पुन्हा डावा शेजारी. लहान मूल जिना चढतं तसा. लहानपणापासून तू पायऱ्या सोडून उड्या मारत चढणारा. वर आलास तेव्हा हसत होतास, आणि टोपली घेताना सगळा भार उजव्यावर होता. मी तुझा हात हातात घेतला, कॅमेऱ्याकडे बघून मीही हसलो. तो फोटो सगळ्या पेपरांत आलाय. आईने कापून फ्रिजवर लावलाय. मी काय बघितलं, ते त्यात दिसत नाही.

परत येताना बसमध्ये सगळे गात होते आणि मी खिडकीशी बसून एकेक गोष्ट आठवत होतो. तुमच्या त्या शेवटच्या सामन्यात तिसऱ्या डावात दोन जण तुझ्या अंगावर पडले, तू उठलास आणि बुटाची नाडी बांधायला खाली बसलास. नाडी सुटलेली नव्हती; मी ते टीव्हीवर बघितलं होतं. रविवारी सगळं जेवण होईपर्यंत तू डावा पाय टेबलाखाली लांब सोडून बसला होतास, आणि मी म्हटलं, दमलाय बिचारा. मला दिसत सगळं होतं, माझं बघायचं धैर्य नव्हतं. आणि खरं सांगू? त्या बसमध्येही मी स्वतःची समजूत घालत होतो. आखडला असेल. अजून दोन आठवडे आहेत. शेकलं की सुटेल. एकच तर सामना आहे. बक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "क्लिओ, तुझ्या पोराने वाचवलं बघ आपल्याला!" मी मान डोलावली.

गुरुवारी तुझा फोन आला. मी हवेबद्दल बोललो, आईच्या खोकल्याबद्दल बोललो, तुझ्या पायाबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता. आणि तू मधेच म्हणालास, "डॅडी, मी एकदम ठणठणीत आहे हं. काळजी करू नका. मी खेळतोय." न विचारता दिलेलं उत्तर, थॅड. नवऱ्याच्या मयतावर एखादी बाई आल्या आल्या सांगते ना, "आमचं कधी भांडण झालं नाही," तसं ते मला ऐकू आलं. फोन ठेवला आणि मला कळून चुकलं. तू हा गुडघा तुझ्या प्रशिक्षकापासून लपवतोयस, डॉक्टरांना काहीतरी थाप मारली असशील, आणि हे सगळं तू टीमसाठी करत नाहीयेस, स्वतःसाठीही नाही. माझ्यासाठी करतोयस. तुझ्या म्हाताऱ्याचं नाक वर राहावं म्हणून.

काल समितीची बैठक होती. मी म्हणालो, हायवेवरचा फलक उतरवा, थॅडचा चेहरा सगळीकडून काढा, आणि पेपरात द्या की तिकिटं त्याच्या नावावर घेतली असतील त्यांना ती परत करता येतील. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मला झटका आलाय. ब्रिन फोनवर होती. तिने विचारलं, "तो खेळणार नाही असं कॉलेजने कळवलंय का?" मी म्हणालो, "कॉलेजने काही कळवलेलं नाही. मी त्याचा बाप आहे आणि मी त्याच्या नावावर माणसं गोळा करणार नाही, एवढंच." ती म्हणाली, "मिस्टर पेटवे, असं सामन्याच्या सकाळी सांगतात. सगळेच तसं करतात. आता सांगितलंत तर शनिवार संध्याकाळची वेळ मी धरून ठेवू शकणार नाही." बक उठला, दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "क्लिओ, त्याला काही झालंय का? झालं असेल तर असू दे. नुसते कपडे घालून मैदानात उभा कर. पहिल्या डावात एकदा बॉल हातात देऊ, चार पावलं पळेल, लोक टाळ्या वाजवतील, मग बाहेर बसव. एकदाच! तेवढ्यासाठी तू हे सगळं पुरणार आहेस? तू? तुझ्या बापाने त्या फळ्यांवर बसून काढलं आणि तू?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो वाईट माणूस नाही. त्याच्याही आयुष्यात याशिवाय दुसरं फारसं काही उरलेलं नाही. मी म्हणालो, "बक, गुडघा जायला एकदाच लागतं. तुझा कितव्या वेळी गेला होता?" तो खाली बसला. शेवटी आमच्या चिटणीस बाईंनी फलकवाल्याला फोन लावला. ब्रिनने संध्याकाळी कळवलं, वेळ पुन्हा शुक्रवार सकाळ अकरा. सत्तावीस तारीख. तिकिटं परत यायला आज सकाळपासूनच सुरुवात झालीये. सिस्टर अर्लीनने मात्र बस रद्द केल्या नाहीत, म्हणाली, "शुक्रवारी मला कुठे कामाला जायचंय?"

म्हणून हे पत्र. फोनवर तू पुन्हा म्हणाला असतास, "नाही सर, मी ठणठणीत आहे," आणि माझं मन इतकं लबाड झालंय की मी पुन्हा ते खरं धरलं असतं. फलक उतरलेला तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी हे तुझ्या हाती पडावं म्हणून आपला ड्रायव्हर घेऊन येतोय. त्या रविवारी टेबलावर तू मला शब्द दिला होतास. तो मी तुला परत करतोय, मुला. मी तो घ्यायलाच नको होता, इतका मोठा होता तो. हे वाचून झालं की ऊठ, टीमच्या डॉक्टरकडे जा, "आखडलंय" म्हणू नकोस, कुठे आणि कधी दुखावलं ते खरं सांग. ते काय म्हणतील याची मला फार भीती वाटतेय, पण ती भीती आता आपण दोघं मिळून वागवू, तू एकटा नको. आईला मी काही बोललो नाही, तिला तू सांग. बाउल यंदा टिकेल की नाही, मला माहीत नाही. बहुतेक नाही टिकणार. टीव्हीवाले गेले तर जाऊ देत. खुर्च्या भरणं हे माझं काम होतं, माझ्या पोराच्या गुडघ्यावर ते टाकायचा मला काही अधिकार नव्हता. त्या शुक्रवारी तू तुझ्या टीमबरोबर साध्या कपड्यांत कडेला उभा असशील. वर माणसं किती बसलीत ते मी त्या दिवशी बघणार नाही. मी खाली बघणार आहे, कडेला उभ्या असलेल्या माझ्या मुलाकडे.

तुझाच, आणि आधी तुझाच, मग बाकी सगळ्यांचा,
डॅडी